कोपऱ्यातला हात

रविवारी दुपारी घरात बसल्या बसल्या माझी चांगलीच जिरली... आणि गंमत म्हणजे मला त्याचा आनंदच झालाय.

मी रावेरला राहते आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात चौथीचा वर्ग शिकवते. वर्गात डिजिटल साधनं कशी वापरता याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ सोमवारपर्यंत पाठवा, असा शिक्षकांच्या ग्रुपवर वरिष्ठांचा मेसेज आला होता. शाळेत मोठा टच पॅनल आल्यापासून मी तशीही जरा हवेतच असते, त्यामुळे मला ते आमंत्रणच वाटलं.

शुक्रवारी नकाशाचा पाठ घेतला. उपग्रहाचा नकाशा उघडून महाराष्ट्रापासून सुरुवात केली आणि बोटांनी मोठा करत करत थेट आमच्या गावावर आले... शाळेचे पत्रे दिसल्यावर पोरांनी जो कल्ला केला तो विचारू नका. एकेकाने पुढे येऊन आपापलं घर शोधलं, केळीचे मळे शोधले, एकाला तर दारातला ट्रॅक्टरही सापडला.

शेवटी मी ऐटीत म्हणाले, "चला, सगळ्यांची घरं सापडली." कपाटावर ठेवलेल्या मोबाइलने हे सगळं रेकॉर्ड केलं.

रविवारी जेवणं झाल्यावर तोच व्हिडिओ टीव्हीला जोडून घरच्यांना दाखवायला बसले. म्हणजे खरं तर कौतुक करून घ्यायला बसले... नवरा दोन मिनिटांत पेंगायला लागला. सासूबाई मात्र भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता मन लावून बघत होत्या. त्या दोंडाईच्याच्या, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो.

बघता बघता अक्का म्हणाल्या, "ती खिडकीजोडेनी पोर कव्हयनी हात वर करी ऱ्हायनी. तिले काब्र इचारस नही तू?"

मी म्हटलं, कोणती पोर कधीची हात वर करतेय आणि मी का विचारत नाही... आणि व्हिडिओ मागे घेतला.

खिडकीजवळ, अगदी कडेला, रविना बसली होती. तिचा हात वर होता. दुखायला लागला की दुसऱ्या हाताने कोपर धरायची, थोडा खाली घ्यायची, पुन्हा वर... दहा मिनिटांत सात वेळा. आणि मी आपली पुढच्या दोन रांगांमध्येच रमलेली, त्यातही त्याच चार पोरांमध्ये.

मला खरंच लाज वाटली. कारण याच रविनाच्या नोंदवहीत, 'सुधारणा आवश्यक'च्या रकान्यात, मी स्वतःच्या हाताने लिहिलंय... वर्गात सहभाग घेत नाही, बोलत नाही.

एवढंच नाही, तर पालकसभेत तिच्या आईलाही तेच सांगितलं होतं. रविनाची आई केळीच्या पॅकिंगला मजुरीने जाते. ती म्हणाली होती, "घरी तं लय बोलते मॅडम, गप बस म्हणावं लागते." सगळ्याच आया असं म्हणतात, म्हणून मी हसून सोडून दिलं.

आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पोरीला आश्रमशाळेत पाठवायचं की घरीच ठेवायचं, हे तिच्या आईला ठरवायचं होतं. शिकण्यात मन नसलं तर कशाला पाठवायचं, असं ती जाता जाता म्हणाली होती... आणि मन नाही हे तिला मीच सांगितलं होतं.

आता सोमवारी हा व्हिडिओ पाठवायचा कसा? क्रॉप करायला काय लागतं... खिडकीकडची कड जरा आत घेतली की रविना गायब आणि मी आदर्श शिक्षिका. खोटं कशाला सांगू, मी तसं करूनही पाहिलं. व्हिडिओ छान दिसत होता. अक्का शेंगा बाजूला ठेवून माझ्याकडेच बघत होत्या. मी सेव्ह न करताच बाहेर आले.

सोमवारी शाळेत गेल्या गेल्या पॅनल लावला, तोच नकाशा उघडला आणि रविनाला विचारलं, शुक्रवारी तुला काय सांगायचं होतं? सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. मला वाटलं, ही आता रडते की काय...

ती उठून पुढे आली. पॅनलवर बोट टेकवून नकाशा खाली ओढला, मग आणखी ओढला. गाव गेलं, केळी गेली, नाला गेला... डोंगराला चिकटून चार छपरं दिसली.

"आमचं घर इथं आहे. तुम्ही इथवर आल्याच नाही मॅडम."

तक्रारीचा सूर नव्हता. जे होतं ते तिने सांगितलं. मग नाला कुठून ओलांडायचा, पावसाळ्यात कोणती वाट बंद होते, मोहाची झाडं कुठली, हे ती तास संपेपर्यंत सांगत राहिली. तिला गप बस म्हणायची वेळ माझ्यावरही आली असती.

व्हिडिओ होता तसा पाठवला. खाली एक ओळ लिहिली, की कोपऱ्यातला हात मला घरी बसून दिसला, वर्गात दिसला नव्हता. त्यावर वरून काय उत्तर येईल ते येवो.

मंगळवारी कामावर जाताना रविनाची आई शाळेवरून चालली होती. तिला थांबवून व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं, चूक माझी होती, नोंद मी खोडलीय. तिने लेकीचा हात वर जाताना दोनदा पाहिला. माझ्यावर चिडली नाही, उलट जरा हसली... आणि विचारलं, "पाचवीला जायचा दाखला कधी देता मॅडम?"

अक्का, तुमच्या नजरेला नमस्कार. दाखले लिहायला अजून अवकाश आहे, पण यंदा पहिला कुणाचा लिहायचा ते ठरलंय.