दाखल्यापुरतं गरीब

मंचरच्या एस.टी. स्टँडवर मला सोडायला सगळं घर आलं होतं, आणि सगळ्यांना चिंता एकच: मी कशाला चाललोय ते कुणी मोठ्यानं बोलू नये. नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला चाललो होतो. आईनं आमच्या गावात, अवसरीत, "हॉस्पिटलात लागला" एवढंच पसरवलं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, "पुण्याला मोठ्या दवाखान्यात" म्हणायचे आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडायचे. गाडी हलली तसे खिडकीशी आले. म्हणाले, "कुणापुढं हात पसरू नको बाळ्या. आपण खाऊनपिऊन सुखी हाय."

मी मान डोलावली, आणि पुढचे दोन महिने फक्त हातच पसरत फिरलो.

प्रवेशापुरती फी घरातून निघाली होती. उरलेली भरल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही, असं कोर्सच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. बँकेत गेलो. साहेब म्हणाले, कोर्स फार लहान आहे, शैक्षणिक कर्जात बसत नाही. म्हटलं, "साहेब, लहान आहे म्हणूनच तर थोडं मागतोय." त्यांनी माझ्या मागच्या माणसाला हाक मारली. मग एका पुढाऱ्याचं ऑफिस गाठलं. तिथं मला पाकीट देताना फोटो काढला. पाकिटात शुभेच्छापत्र होतं. फोटो मात्र गावच्या ग्रुपवर फिरला आणि दोघांनी माझ्याकडं उसने पैसे मागितले.

शेवटी एक ट्रस्ट सापडला. तिथल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "उरलेली फी आम्ही भरू," म्हणाल्या, "फक्त तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा, मर्यादेच्या आतला." मला हसू आलं. आमचं उत्पन्न त्या मर्यादेच्या आत हातपाय पसरून झोपलं असतं.

दाखल्याआधी तलाठी भाऊसाहेबांची चौकशी असते. तिचा दिवस मीच मागून घेतला, कारण त्याच दिवशी माझ्या बहिणीला, सुनीताला, बघायला ओतूरकडचे पावणे येणार होते. एका सुट्टीत दोन कामं. हुशारी बघा माझी!

पावण्यांची जीप अंगणात, पावणे ओट्यावर सतरंजीवर बसलेले, हातात पोह्यांच्या बशा. तेवढ्यात भाऊसाहेबांची मोटारसायकल दारात. त्यांनाही बशी गेली. खाता खाता त्यांनी कागद काढला आणि दादांना विचारलं, "शेती किती?" दादांनी पावण्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि सतरंजीची दशी ओढायला लागले. बापाची मान खाली जातेय असं वाटून मीच तोंड उघडलं.

"बागायत हाय की भाऊसाहेब! विहिरीला बारमाही पाणी."

विहीर चुलत्याची.

"मेंढरं?"

"दीडशे."

आजोबांच्या काळी असतील. आता मोजायला दोन्ही हातांची बोटं आणि थोडी पायाची पुरायची.

"आन तू काय करतो?"

"पुण्यात दवाखान्यात. बरं चाललंय."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हे समदं लिहू का?"

सुनीताचे होणारे सासरे, तात्या, घास हातात धरून ऐकत होते. म्हटलं, "लिहा की! लपवायचंय काय?"

सुनीताचं जमलं. दाखलाही आला, मर्यादेच्या कितीतरी वरचा. ट्रस्टच्या ताईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हीच आम्हाला देणगी द्या." मग माझं तोंड बघून त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं.

दुरुस्तीसाठी दादांनी खरं उत्पन्न नव्यानं लिहून द्यायचं होतं. दादा म्हणाले, "लगीन हुईस्तवर आपण बागायतदार. तू बोललास, आता निभाव." लग्न होतं महिना उलटल्यावर. म्हणजे पुण्यात गरिबी सिद्ध करायची, गावात झाकायची, आणि दोन्हींच्या मधे तिकीट काढून मी उभा. चिडचिड इतकी झाली की कोर्स सोडतो म्हणालो. तेव्हा सुनीताच कडाडली: "तूच जाऊन सांग त्यांना. मोडलं तर मोडलं. चुलत्याच्या विहिरीवर मी संसार करू का?"

ओतूरला गेलो. तात्यांपुढं विहिरीपासून मेंढरांपर्यंत सगळं ओकलो. त्यांनी डबा ओढून सावकाश पान लावायला घेतलं. मी मनातल्या मनात लग्नही मोडलं आणि परीक्षाही बुडवली. मग त्यांनी विचारलं, "त्या दिशी आमी जीपमधी आलतो. ती आमची वाटली व्हय तुमाला?"

आणि तिथंच दादांना फोन लावला. "पावणं, खरं काय ते लिहून द्या. न्हाईतर लग्नाआधी आमाला जीप घ्यावी लागंल राव!"

दादांनी सही केली. माझ्याशी मात्र पंधरा दिवस बोलले नाहीत. फी भरली गेली, परीक्षा झाली, सुनीता ओतूरला नांदायला गेली.

आता मी पुण्यात वॉर्डात असतो. पेशंटला कूस बदलून देतो, अंग पुसतो, बीपी लिहितो. इथं मी कोण ते गळ्यातल्या कार्डावर छापलंय, त्याहून एक अक्षर जास्त कुणी मानत नाही. गावी गेलो की ओट्यावर दादा कुणाला तरी सांगत असतात, "डॉक्टर लोक बी आमच्या बाळ्याला इचारूनच करत्यात." आधी मी तिथंच दुरुस्त करायचो, भांडणं व्हायची. आता ऐकून घेतो.

माझ्यासारखे गावातून बाहेर पडलेले दोस्त कधी विचारतात, घर म्हणजे आता काय रे तुला? मला एवढंच सुचतं: जिथं कुणीतरी आपल्याला आपल्यापेक्षा जास्त लावून सांगतं. डोकं फिरतं ऐकून. पण सांगणारी ती माणसं नसतील, तेव्हा दाखल्यावर लिहिलंय तेवढाच मी उरेन. आणि ते लई कमी हाय, राव.