जागा उरली तर

माझी धाकटी बहीण हैदराबादला एका विमान कंपनीत नोकरीला लागली आणि आम्हा घरच्यांना स्वस्तात उडायची सोय झाली. अट एकच: पूर्ण पैसे भरलेले सगळे बसल्यावर जागा उरली तर. या अटीची अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काडीचीही भीती वाटली नाही. घनसावंगीच्या जीपमध्ये खिडकीतून रुमाल टाकून ड्रायव्हरशेजारची जागा मिळवणारा माणूस तो. आई मागे, गाठोडं मांडीवर घेऊन, पाचजणींच्या मध्ये. यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी बहिणीला बाळंतपणाच्या तारखेआधीच, पहाटे, दवाखान्यात दाखल केलं. सिझर त्याच संध्याकाळी होणार होतं. रेल्वे दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवणार, म्हणून आम्ही तिघं संभाजीनगरच्या विमानतळावर गेलो. विमान तीनचं, पण अण्णांनी नऊलाच नेऊन उभं केलं. काउंटरवर चिटपाखरू नव्हतं. अण्णांनी कडेला रुमाल ठेवला आणि निवांत झाले.

काउंटरवरची मुलगी आल्यावर तिने तो रुमाल दोन बोटांनी उचलून परत दिला. यादी पाहून म्हणाली, "तुमचा नंबर पाचवा, काका. हे दोघं तुमच्यामागे."

"पाचवा कसा? आमच्या पुढं तं कुणीच न्हाई."

"यादी नोकरीच्या वर्षांवर लागते. ज्यांची नोकरी जुनी, त्यांच्या घरचे आधी."

अण्णा खट्टू झाले. सहा तास आधी येण्याची इथे कुणाला किंमतच नव्हती. मग त्यांनी तडजोड सुचवली, "मधल्या वाटंत बसून येतो. बिलकुल तरास देणार न्हाई." मी दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा असल्यासारखा छताकडे पाहत राहिलो.

दोनच्या सुमाराला नावं पुकारली. आधीच्या चौघांना जागा मिळाली. मग ती मुलगी म्हणाली, "आता एकच उरलीय. नंबर तुमचा आहे काका, पण तुमच्या तिघांपैकी कुणीही जाऊ शकतं."

अण्णा उठले. सवयीनेच उठले असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, रागही आला. त्यांनी आईकडे बोट केलं. "हिला बसवा."

आई घाबरली. "मला एकटीला न्हाई जमायचं. तुम्ही जा."

"मी जाऊन काय करू तिथं? पोरीला तू पायजे. मी न्हाई."

बोलले नेहमीसारखेच खेकसून, पण शेवटचं वाक्य त्यांना जड गेलं. मलाही ते ऐकवलं नाही.

आई तपासणीच्या रांगेत शिरली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. अण्णा काचेपाशी उभेच होते.

"मागं पाह्यलं का रे तिनं?"

"न्हाई."

"बराबर हाय," ते म्हणाले. "लेकीकडं चालली ती."