डुलणारी फरशी

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, कानाच्या विभागातल्या शेवटच्या खोलीत ताई बसायच्या. कानात यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना पुन्हा तोल सांभाळायला शिकवणं, हे त्यांचं काम. त्यांच्या स्वतःच्या कानातही तसंच यंत्र होतं, अकरा वर्षांपासूनचं. दुपारी पडद्यातून ऊन झिरपलं की बाहेरची लांबलचक फरशी संथ पाण्यासारखी दिसायची. ताईंच्या पायांखाली तर ती खरोखरच डुलायची, पण हे त्या कुणाला सांगत नसत. आलेल्या माणसाला धीर द्यायचा की घाबरवायचं?

त्या दुपारी रंगारीकाका बायकोला घेऊन आले. पाच वर्षं ठार बहिरे होते. यंत्र सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते.

"चक्कर येते का, काका?"

"छे! ठणठणीत आहे. उद्यापासून शिडीवर चढतोय."

बायकोने छताकडे पाहिलं. ताई मनात हसल्या. चक्कर कबूल केली तर यंत्र काढून घेतील, ही सगळ्यांचीच भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची!

काका खिडकीवर नजर रोखून फरशीवरून अगदी झोकात चालले.

"आता डोळे मिटून चाला."

तिसऱ्याच पावलाला काका झोपेत असल्यासारखे तरंगत भिंतीकडे कलले. ताईंनी दंड धरला म्हणून निभावलं.

"यंत्र काढू नका हो," काका रडवेले झाले.

"कोण काढतंय? ऐकणं आणि तोल, दोघांचं बिऱ्हाड कानातच. एकाकडे खोदकाम निघालं की दुसऱ्याची झोप मोडणारच. व्यायाम करा, बहुतेकांची चक्कर थांबते. तोवर शिडी नाही."

"आणि नाहीच थांबली तर?"

ताईंच्या जिभेवर नेहमीचं गोड उत्तर आलं होतं. त्यांना त्याची एकदम लाज वाटली.

"माझी पूर्ण नाही थांबली, काका. आत्ताही ही फरशी डुलतेय. मीही तेव्हा लपवलं आणि जिन्यावरून पडून मनगट मोडून घेतलं."

"मग?"

"मग काय! डुलत डुलत ऐकते."

काकांनी बायकोला खूण केली. तिने रंगकामाच्या ठेकेदाराला फोन लावला. पाच वर्षं काकांचे फोन तीच करायची. काकांनी हात पुढे करून फोन मागून घेतला.

"साहेब, मी बोलतोय. उद्या नाही जमणार. तोल जातोय माझा."

पलीकडून ठेकेदाराने जो तोंडाचा पट्टा सुरू केला, तो ताईंनाही ऐकू आला. काका भिंतीला टेकले, डोळे मिटले आणि हसू लागले.

"काय म्हणतोय तो?" बायकोने घाबरून विचारलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "थांब गं, ऐकू दे."