गुडघ्यावरचा हिरवा स्टिकर

नवनाथ डोईफोडे कुरुळीत राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ आयटीआयचं सर्टिफिकेट आणि एक पत्र्याची पेटी होती. बारा वर्षांनी चाकणच्या त्याच्या कंपनीत माल तपासण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नव्हता. ब्रेकचे सुटे भाग त्याच्या टेबलावर यायचे, त्याने हिरवा ‘ओके’ स्टिकर लावून खाली सही केली की माल पुढे जोडणीच्या लाइनवर जायचा. माणूस भला, पण कंपनीचे नियम घरी आणायची वाईट खोड. मंडईत टोमॅटोसुद्धा तो सॅम्पल काढून बघायचा. त्याची बायको दिपाली म्हणायची, “अवं, घर हाय हे, लाइन न्हाई.”

त्यांची एकुलती एक मुलगी स्वरूपा. ती पाच वर्षांची असताना तिचा डावा गुडघा सुजला. पडली असेल म्हणून महिनाभर लेप लावले. सकाळी उठली की पाय ताठ, आणि दहा वाजले की खेळायला तयार. तेव्हा शाळा चुकवायचं हे सोंग आहे, असंही घरात ठरवून झालं. शेवटी पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टर वासंतीबाईंनी सांगितलं की हा संधिवात आहे, आणि तो लहान मुलांनाही होतो.

औषधाने सूज उतरली. तरी बाईंनी बजावलं होतं, “दुखो न दुखो, दर तीन महिन्यांनी गुडघ्याची सोनोग्राफी करायची. वरून सगळं छान दिसतं आणि आत धुमसत असतं. मुलांना दुखण्याची सवय होते, ती बोलत नाहीत.” पडद्यावर सांध्यात लाल ठिपके चमकले की आत आजार जागा आहे, एवढं नवनाथ पहिल्याच दिवशी शिकला. मोजमापावर विश्वास असलेला माणूस तो, त्याला हे लगेच पटलं.

औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत ठिपके दिसले नाहीत. नवनाथचा जीव भांड्यात पडला. त्याने खिशातून हिरवा स्टिकर काढला, त्यावर सही केली आणि लेकीच्या गुडघ्यावर चिकटवला. स्वरूपाने दोन दिवस त्या पायाला पाणी लागू दिलं नाही. दुसऱ्या वेळी तसंच झालं. तिसरा स्टिकर मात्र तिने शाळेच्या डायरीत, पहिल्याच पानावर लावून घेतला आणि वर्गभर दाखवला.

आणि इथेच नवनाथ चुकला. कंपनीत नियम होता, एखाद्या पुरवठादाराचे सलग तीन लॉट ओके आले की पुढचे दोन न तपासता आत घ्यायचे. लोखंडासाठी नियम चांगलाच आहे. चौथ्या तपासणीची तारीख आली तेव्हा नव्या मॉडेलची घाई चालली होती, ओव्हरटाइम रोजचाच.

“बुधवारी न्यायचंय ना तिला?” दिपालीने विचारलं.

“तीनदा ओके आलंय की. आता दोन सोडू, मग दाखवू.”

ऐकून संताप यावा असं हे बोलणं, पण त्या दिवशी दोघांनाही ते शहाणपणाचं वाटलं.

पाच महिने असेच गेले. एका रविवारी दिपाली लेकीच्या पायांना तेल लावत होती. स्वरूपा पाठीवर सरळ निजली, तरी डावा गुडघा गादीला टेकेना. दिपालीने हलकेच दाबला, तशी पोरीने ओठ आवळले.

“दुखतंय का गं?”

“न्हाई, मम्मी.”

दुसऱ्याच दिवशी तिला शाळेतून परस्पर दवाखान्यात नेलं. या वेळी सोनोग्राफीवर भागलं नाही, एमआरआय काढावा लागला. त्या मशीनच्या बोगद्यात पोरगी अजिबात न हलता पडून राहिली, म्हणून तिथल्या माणसाने तिचं कौतुक केलं. दुखणं गिळून पडून राहायला ती केव्हाच शिकली होती.

वासंतीबाईंनी चित्रावर बोट ठेवलं. हाडाच्या टोकावरची कूर्चा एका बाजूने खाल्ली गेली होती.

“मधल्या तारखांना आला असतात तर हे आधीच दिसलं असतं, औषध बदललं असतं. आता उरलेलं वाचवू. गेलं ते भरून येत नाही. पाय पूर्ण सरळ होईल, असं मी नाही सांगू शकत.” त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर नवनाथला बरं वाटलं असतं.

मग त्या स्वरूपाकडे वळल्या. “दुखत होतं ना बाळा? सांगितलं का नाहीस?”

“पप्पांनी ओके केलं होतं,” स्वरूपा म्हणाली.

दिपालीने ओढणी तोंडाला लावली. नवनाथने ते चित्र उचलून उजेडाकडे धरलं. केसाएवढी चीर ज्याच्या नजरेतून सुटत नाही, तो हा माणूस. पाच महिने पोरगी त्याच्यासमोर डावा पाय आखडून जेवत होती.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर स्वरूपाने दप्तरातून डायरी काढली. पहिल्या पानावरचा स्टिकर ती बराच वेळ नखाने सोडवत होती. एक कोपरा फाटला, बाकीचा तिने बापापुढे धरला.

“पप्पा, हा कंपनीत देऊन टाका. नाहीतर खोटा निघाला म्हणून साहेब तुम्हाला रागावतील.”

नवनाथने तो तळहातावर घेतला. खाली निळ्या पेनने त्याचीच सही होती.