तोंड फिरव

नानाकाका गेल्याचं मला काकूनेच फोनवर सांगितलं. सकाळची क्लासला निघायची घाई, एका हातात डबा, आणि फोन वाजला. "मंजू, हे गेले गं. पहाटे झोपेतच. आता तू फोन ठेव, मला लाइन मोकळी पाहिजे, अजयला मेल करायची आहे." अजय म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, अमेरिकेत असतो. बापाच्या मरणाची बातमी कुणी मेलने कळवतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण नानाकाकांनी घरच्या फोनवरून बाहेरगावी बोलण्याला कुलूप लावून ठेवलं होतं, आणि त्या कुलपाचा नंबर ते बरोबर घेऊन गेले. तेव्हा काकूजवळ मेलशिवाय दुसरा रस्ता नव्हता. मी फोन ठेवला, डबा ठेवला, आणि रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की काकू रडत नव्हती.

राम घाटावर दहाव्याला पुष्कळ लोक आले. बँकेतले जुने सहकारी एकमेकांना सांगत होते, "बड़े नियम के आदमी थे साहब। हिसाब के एकदम पक्के।" खरंच होते. नानाकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ, बँकेत अधिकारी होते आणि आमच्या उज्जैनच्या मराठी मंडळींत त्यांना मान होता. माझ्या नोकरीच्या अर्जाचं इंग्रजी त्यांनीच सुधारून दिलं होतं, तेही मला रडवून. चहा उत्तम करायचे, मात्र एकच कप, स्वतःपुरता. काकूने विचारलं तर म्हणायचे, "तुझ्या हातांना काय झालंय?" गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं म्हणतात; मी वर दोन चांगल्या गोष्टी लिहिल्या आहेत, आणखी आठवल्या तर पुढे लिहीन.

बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा नानाकाका युनियनबरोबर फाटकाशी उभं राहून घोषणा देत होते. मग मशीन आलंच, आणि साहेबांना स्वतःचा पासवर्ड मिळाला. त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरविरुद्ध एक शब्द काढला नाही. साहेब पासवर्ड टाकताना क्लार्कने तोंड फिरवून उभं राहायचं, असा बँकेतला शिरस्ता. तो त्यांना फार आवडला असावा. कारण पुढे बँकेने माणसं कमी करायला स्वेच्छानिवृत्ती काढली, हे निवृत्त झाले, मिळालेल्या पैशांतून घरी कॉम्प्युटर आणि इंटरनेट घेतलं, आणि बँक गेली तरी शिरस्ता घरी आला. क्लार्क म्हणून आता काकू होती.

रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की काकू पदराला हात पुसत त्या खोलीत यायची आणि स्टुलावर बसायची. नानाकाका मशीन सुरू करायचे. फोनची लाइन लागायची, ती किरकिर ऐकून काकूचा चेहरा उजळायचा, कारण त्या आवाजामागे अजय असायचा. मग पासवर्डची चौकट यायची. नानाकाका न बघता म्हणायचे, "तोंड फिरव." काकू भिंतीकडे तोंड करून बसायची. ते डाव्या तळव्याचा आडोसा करून उजव्या हाताने पासवर्ड टाकायचे, मग मेल वाचून दाखवायचे. भाजीत मीठ जास्त झालेलं असेल, किंवा बँकेतल्या कुणाच्या बायकोशी काकू जास्त बोलली असेल, तर त्या दिवशी "सर्व्हर डाऊन आहे" असं सांगून मशीन बंद करायचे. काकूला सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तो अमेरिकेतला कुणी माणूस असावा आणि सारखा आजारी पडत असावा, असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं. वाचून झालेली मेल आणि आलेले फोटो नानाकाका फ्लॉपीवर घालायचे, मशीनमधून पुसायचे आणि फ्लॉपी लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवायचे. "मशीन हळू चालतं नाहीतर," हे कारण.

आता गंमत अशी की हा पासवर्ड रोज टाकावा लागतो याचा त्यांनाही कंटाळा आला होता. चौकटीत 'पासवर्ड लक्षात ठेव' असं लिहिलेलं असायचं, त्यापुढे ते खूण करायचे, आणि दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा कोरं. एका मेकॅनिकने येऊन प्रोग्राम काढून परत घातला. दुसरा व्हायरस आहे असं सांगून, चहा पिऊन निघून गेला. शेवटी मला बोलावणं आलं, कारण मी फ्रीगंजमध्ये एका मिठाईच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास घेते आणि घरची असल्याने फुकट पडते. "मंजू, या मशीनची याददाश्त खराब आहे," नानाकाका म्हणाले. "काही पण सांगा, सकाळपर्यंत भुलून जातं."

मी म्हटलं, मशीन बंद करा, आणि रोज करता तसं पहिल्यापासून माझ्यासमोर करा. त्यांनी बटण दाबलं. मशीन सुरू होताना एक लहानशी चौकट आली, नाव आणि पासवर्ड विचारणारी. नानाकाकांनी झटकन कॅन्सल दाबलं आणि पुढे गेले. "हे काय केलंत?" "अगं, ती फालतू चौकट आहे. आपण मागितलेला नाही असा कागद कुणी पुढे केला तर सही करायची नाही. तीस वर्षं नोकरी केली आहे मी." तिथेच सगळं होतं. त्या पहिल्या चौकटीत आपण कोण ते सांगितलं, तरच मशीन आपले साठवलेले पासवर्ड उघडतं. हे रोज कॅन्सल दाबून परका माणूस म्हणून आत शिरत होते, आणि मशीन बिचारं परक्याच्या हाती कुणाची किल्ली देत नव्हतं. इतकी साधी चूक, आणि ती नियमाच्या पक्क्या माणसाशिवाय कुणी केली नसती. मी नाव घातलं, ओके दाबलं, मेलमध्ये खूण केली, दोनदा बंद-चालू करून दाखवलं. मेल न विचारता उघडली. नानाकाका खूश झाले. काकू दारात उभी राहून बघत होती, ती त्यांच्याहून जास्त खूश झाली, हे मात्र त्यांना दिसलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ते कुणाच्या तरी दहाव्याला घाटावर गेले. काकूने परातीतलं पीठ तसंच टाकलं, हात धुतले, मशीन सुरू केलं, ओके दाबलं. लाइन लागली. कुणी काही विचारलं नाही. अजयला मुलगी झाली होती, तिचा पहिला फोटो त्या सकाळी आला होता. तो वरून खाली हळूहळू उतरत होता. आधी काळं जावळ, मग कपाळ, मग बंद डोळे... काकूने मला नंतर सांगितलं, "मंजू, पूर्ण यायच्या आधीच मला समजलं गं, कपाळ माझ्या आईचं आहे." मग तिने एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, आयुष्यातली पहिली मेल लिहिली. अजय मी आई. मी स्वतः लिहिते आहे. बाळ बघितलं.

संध्याकाळी नानाकाकांनी मेल उघडली तर अजयचं उत्तर येऊन पडलेलं. आई, तू? तू स्वतः? रोज लिहीत जा ना! त्यांनी ते पत्र बँकेत नोटीस वाचावी तसं मोठ्याने, एकेक शब्द तोडून वाचलं. ओरडले नाहीत. मला फोन करून म्हणाले, "मंजू, तू फार छान रिपेअर केलंस. आता होतं तसं परत करून दे." मी म्हटलं, मी बिलकुल करणार नाही. "नको करू. मला येतं," ते म्हणाले. माझ्या हातांकडे बघून शिकले होते. खूण काढली, फोटो फ्लॉपीवर घातला, फ्लॉपी लॉकरमध्ये. दुसऱ्या दिवसापासून काकू परत स्टुलावर, तोंड भिंतीकडे. मी भांडायला गेले तर म्हणाले, "तिजोरीची चावी चपराशाच्या हातात देत नसतात." काकू तिथेच उभी होती. ती नुसती म्हणायची, "अहो, एकदा दाखवा ना बाळाचा फोटो." आणि ते म्हणायचे, "रोज रोज काय बघायचं? पळून नाही जात ती." महिन्याकाठी एकदा दाखवायचे, मूड चांगला असला तर. तो माणूस दुष्ट होता. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि परत लिहिलं आहे.

पुढच्या थंडीत त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोकं शाबूत. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, बोलता-लिहिता येत नाही. त्यांची खाट कॉम्प्युटरच्याच खोलीत घातली, कारण तीच खोली मोरीला जवळ. पासवर्ड त्यांच्या डोक्यात आणि डोक्याचं दार बंद. काकूने अजयचं नाव टाकून बघितलं, देवाचं टाकलं, स्वतःचं टाकलं. स्वतःचं नाव टाकताना मला म्हणाली, "हे तर नसणारच." नव्हतंच.

मी इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, "मैडम, नया पासवर्ड चाहिए तो एप्लीकेशन पर खातेदार के साइन लगेंगे।" मी म्हटलं, लकवा है। "तो अंगूठा लगवा लाइए।" अंगठेबहाद्दर खातेदारांना नानाकाका काउंटरवरून किती हिडीसफिडीस करायचे, ते मी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. काकूने शाईचा पॅड आणला, त्यांचा डावा अंगठा धरला, नीट दाबला, कागदावर टेकवला, आणि मग ओल्या फडक्याने पुसत बसली. शाई निघाल्यावरही पुसत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

नवा पासवर्ड मिळाला, तो काकूने बदलून आपला घातला. मी म्हटलं, "आता खूण करून देते, मग रोज टाकायला नको." "नको," काकू म्हणाली. "काय पता, कुणी पण उघडेल." मी खाटेकडे बघितलं. कुणी पण म्हणजे कोण होतं त्या घरात? तेवढ्यात चौकट आली. काकू खुर्चीतून उठली, खाटेजवळ गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, तोंड फिरवा." त्यांना मान वळवता येत नव्हती. तिने दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि भिंतीकडे वळवला. उशी नीट केली, पांघरूण सारखं केलं, परत येऊन बसली आणि पदराचा आडोसा करून एका बोटाने पासवर्ड टाकू लागली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी टाळ्या वाजल्या. मग फोटो उतरू लागला. नात आता उभी राहत होती, सोफ्याला धरून. काकू पडद्याला नाक लावून बघत होती, आणि खाटेवरून आवाज आला, "दा... दा..." दाखव, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. डावा हात चादरीवर पुढे-मागे सरकत होता. माझ्या आतल्या टाळ्या थांबल्या. मी म्हटलं, "काकू, दाखव ना गं त्यांना. स्क्रीन वळवते मी." काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "दाखवीन की. रोज रोज काय बघायचं? पळून नाही जात ती."

तिने त्यांची सेवा मात्र अशी केली की सगळी आळी थक्क झाली. अंगाला एक जखम होऊ दिली नाही. पेज गाळून चमच्याने भरवायची, वेळच्या वेळी कूस बदलायची. आणि संध्याकाळी दिवाबत्ती झाली की त्यांचं तोंड भिंतीकडे. कधी मेल वाचून दाखवायची, कधी म्हणायची, "आज सर्व्हर डाऊन आहे." तोपर्यंत सर्व्हर म्हणजे काय ते मी तिला समजावून सांगितलं होतं. ज्या दिवशी ती असं म्हणायची त्या दिवशी ते रडायचे, असं शेजारच्या वहिनी सांगतात. मी स्वतः ते एकदाच बघितलं, आणि नंतर संध्याकाळचं जाणं सोडलं.

अजय दिवसांना आला होता. बापाच्या खाटेच्या जागी बसून त्याने विचारलं, "आई, ती चालायला लागली तो फोटो बाबांनी बघितला ना?" काकू वाती वळत होती. "बघितला ना," ती म्हणाली. "रोज बघायचे." अजयने डोळे पुसले. मग तो तिच्या कुशीत शिरला. आईच्या कुशीत शिरलेल्या माणसाला तिथे काय सांगणार होते मी?

परवा मी सहज गेले. खाट काढून टाकली आहे, खोलीला चुना लावला आहे. भिंतीवर जिथे त्यांचा चेहरा वळवलेला असायचा, तिथला डोक्याच्या तेलाचा डाग चुन्यातून अजून वर येतो. कपाट उघडं होतं, फ्लॉप्या टेबलावर ओळीने ठेवलेल्या. काकू म्हणाली, "बस ना, अजयचा नवा फोटो आलाय, दाखवते." ती खुर्चीत बसली, मी स्टुलावर. मशीन सुरू झालं. पहिली चौकट आली, तिने कॅन्सल दाबलं. फोनची किरकिर झाली, पासवर्डची चौकट आली. काकूने पदर पुढे ओढला, हात उचलला, आणि थांबली. मला वाटलं, विसरली.

"तोंड फिरव," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही. मी स्टुलावर वळले आणि त्या डागाकडे बघत बसले. मागे कळा वाजत होत्या, एकेक... मग वाजायच्या थांबल्या. फोटो उतरत असणार.

"काकू, वळू का?"

"थांब जरा," काकू म्हणाली.