परतसांग बाई

धाराशिवच्या दवाखान्यात आमच्या नर्सबाईंनी कुणाला काम सांगितलं, की सांगून झाल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आता तू सांग. मी काय सांगितलं?" म्हणून दाखवल्याशिवाय सुटका नाही. एक शब्द गाळला की पुन्हा पहिल्यापासून. गावानं त्यांचं नावच पाडलं होतं, परतसांग बाई. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरंय की. निदान मी काय करते ते तरी लोकांना कळलं."

हा जाच काय आम्हा आयांनाच होता असं नाही. कळंबकडचे एक पाटील बायकोला घरी न्यायला आले, तेव्हा औषधाच्या पुड्या देऊन बाईंनी त्यांनाही तेच विचारलं. पाटील फेटा सावरत तडकले, "म्या काय साळंत हाय व्हय?" बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पुड्या तेवढ्या परत स्वतःच्या हातात घेतल्या. "तुम्ही साळंत नाही, पाटील. पण पुड्या दोन तऱ्हेच्या आहेत." मग पाटलांनी म्हणून दाखवलं, आणि काय सांगू, साफ उलटं! सकाळची संध्याकाळी, संध्याकाळची सकाळी. तिसऱ्या खेपेला जमलं. बरं, डॉक्टरसाहेबांनी काही सांगितलं तर बाई स्वतःही तसंच म्हणून दाखवायच्या. साहेब हैदराबादचे, घाईचे. मान हलवत म्हणायचे, "हौ बाई, हौ. बिल्कुल वैसाच."

काळ निजामाचा. गाव आमच्या तोंडी धाराशिव, कागदावर उस्मानाबाद. बाई सोलापूरकडं नर्सचं शिकून आलेल्या. उंच, काटकुळ्या, पांढरं पातळ चापूनचोपून नेसलेल्या. मी नवरा गेलेली, चोविशीतली, पदरात एक मुलगी. भावाच्या घरी भावजयीची बोलणी खात दिवस काढत होते, तेव्हा दवाखान्यात आयाची जागा मिळाली. ही नोकरी गेली असती तर पुन्हा तोच उंबरा. त्यामुळं बाईंची मला धास्ती वाटायची, हे खरं सांगते.

पहिला महिनाभर त्यांनी मला फक्त पाणी उकळायला ठेवलं. मग रोग्याला कुशीवर वळवायला, पाठ पुसायला. प्रत्येक काम आधी त्या करून दाखवणार, मग मी करायचं आणि त्या बघणार, मग कुठं मला एकटीला सोडणार. माझ्या जोडीला रहिमतबी होती. अंगानं भक्कम. उचलण्याचं काम तिला आणि भरवण्याचं मला, अशी वाटणी. "रहिमत घाई करते, तिच्या हाती चमचा नको. तू खाटेवरून माणूस पाडशील, तुझ्या हाती उचलणं नको," असं दोघींच्या तोंडावर सांगितलं. आम्ही दोघी फुगलो. पण खोटं काय होतं त्यात?

काही कामं मात्र त्या कुणालाच देत नसत. ऑपरेशननंतर जखम पहिल्यांदा उघडून बघणं त्यांचं. विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. आणि सुई. मी एकदा लाडात येऊन म्हटलं, "बाई, मला द्या की एकदा सुई. बघून बघून पाठ झालंय."

"टोचायला काय, क्षणभर लागतो," त्या म्हणाल्या. "टोचल्यावर माणूस पांढरा पडला, तर काय करशील ते सांग आधी."

मला काय ठाऊक? "मग राहू दे," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

आणखी एक खोड. काम सोपवून गेल्या की अर्ध्या घटकेत परत दारात हजर. एकदा मी चिडलेच. "बाई, भरवसा नसंल तर देता कशाला?" त्या शांतपणे माझ्या हातातली वाटी बघत म्हणाल्या, "भरवसा आहे म्हणून दिलं, गंगू. जिम्मा माझा आहे म्हणून बघायला आले." तेव्हा मला ते बोलणं नुसतं शब्दांचा खेळ वाटलं होतं.

मग महादेवीचं प्रकरण झालं. बेंबळीच्या लिंगायत शेतकऱ्याची लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ सुखरूप झालं आणि पुढं हिला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, धरला. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला, आणि भूक अशी खवळली की पोरगी दिसेल त्याच्याकडं खायला मागायची. बाईंनी मला तिच्याजवळ बसवलं. "आतडी आता भिजल्या कागदासारखी आहेत. एक दाणा गेला तरी फाटतील. ताकाची निवळी द्यायची, दुसरं काही नाही. तिच्याजवळून उठायचं नाही. उठावंच लागलं तर मला हाक मार. तुझ्या जागी दुसरं कुणी बसवायचं नाही." मी सगळं शब्दनशब्द म्हणून दाखवलं.

दुपारी बाई साहेबांबरोबर ऑपरेशनच्या खोलीत होत्या. तेवढ्यात गाडीखाली पाय सापडलेला एक माणूस आणला. तो नुसता ओरडत होता. रहिमतबी एकटी, तिला उचलवेना. "गंगू, दौड!" ती ओरडली. दार बंद, बाईंना हाक कशी मारायची? महादेवीची आई पायथ्याशी बसली होती. मी म्हटलं, "आक्का, जरा हिच्याजवळ बसा. हिला खायला काही देऊ नका बरं."

"न्हाय देत बाई," ती म्हणाली.

परत आले तर आक्कांच्या मांडीवर वाटी, आणि महादेवीच्या ओठाला लागलेला गव्हाचा दाणा. मठातली हुग्गी, गूळ घालून केलेली गव्हाची खीर. बाप सकाळीच बेंबळीहून घेऊन आला होता. मी वाटी ओढून घेतली. "आक्का, अहो, खायला देऊ नका म्हटलं होतं ना!"

"खायला कुठं दिलं?" आक्का माझ्याकडं नवलानं बघत होती. "परसाद दिला. स्वामींच्या मठाचा. परसादाला न्हाय कसं म्हणावं?"

त्या माऊलीला दोष काय द्यायचा? तिच्या घरात प्रसाद कधी जेवणात धरलाच नव्हता. मी धावत जाऊन ऑपरेशनच्या खोलीचं दार ठोठावलं आणि घडलं ते सगळं बाईंना सांगून टाकलं. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. त्यांनी फक्त विचारलं, "किती घास? दाणे चावले का गिळले?" आणि साहेबांना सांगून निघाल्या.

संध्याकाळी महादेवीच्या पोटात कळा सुरू झाल्या, ताप पुन्हा चढला. पुढचे तीन दिवस बाई त्या खाटेपासून हलल्या नाहीत. सारखा पोटावर हात. कडक झालं की चेहरा उतरायचा, सैल पडलं की श्वास सोडायच्या. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. आक्का बाळाला घेऊन दारात बसली होती, पाणीसुद्धा घेत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब वॉर्डात कडाडले, "किसकी गलती है ये?"

"काम मी सोपवलं होतं, साहेब," बाई म्हणाल्या. "जिम्मा माझा."

मी शेजारीच तसराळं धरून उभी होते. मुलगी डोळ्यांसमोर आली, भावजय आली. मी खाली फरशीकडं बघत राहिले. आजही ती फरशी मला दिसते. लाज वाटते सांगायला.

चौथ्या दिवशी महादेवीचं पोट मऊ झालं, आणि दहाव्या दिवशी बाईंच्या बदलीचा हुकूम आला. तक्रार वरपर्यंत गेली होती. लांब कुठं रानातल्या दवाखान्यात टाकलं होतं त्यांना. मोटारीपर्यंत त्यांची ट्रंक मी नेली. तिथं धीर करून म्हटलं, "बाई, मी साहेबांना खरं सांगते. अजून सांगते."

"महादेवीला आज पेज सुरू करायची आहे," त्या म्हणाल्या. "गाळून. तू इथं काय करतेस?"

मोटार हलली. मी खुळ्यासारखी तिथंच उभी होते, मग पळत दवाखान्यात आले आणि पेज गाळायला घेतली.

महादेवी स्वतःच्या पायानं घरी गेली. पुढं मुलाला घेऊन नारळ द्यायलाही आली. तिचं हसणं बघून मला बरं वाटायच्या ऐवजी घास गोड लागेना. चार-पाच महिने असेच काढले. मग एक दिवस साहेबांना खोलीत एकटं बघून मी आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आक्काला मी बसवलं होतं, बाईंनी नको म्हटलेलं असताना बसवलं होतं, नोकरीच्या भीतीनं मी गप्प राहिले. "काढायचं तर काढा," म्हटलं.

साहेब खुर्चीतून उठले. मग कपाटातून एक फाईल काढली. बाईंच्या हातचा इंग्रजी कागद होता. साहेबांनी वाचून अर्थ सांगितला, तो असा: महादेवीजवळ बसायचं काम मी गंगूला दिलं. तिनं आईला बसवलं, हे चुकलं. पण दोन आयांवर वॉर्ड टाकून मी आत गेले. मी आत असताना अडचण आली तर कुणी कुणाला बोलवायचं, हे मी ठरवून दिलं नव्हतं. आईला प्रसादाचं मी समजावलं नव्हतं. चूक होताच गंगूनं स्वतः येऊन सांगितलं, म्हणून महादेवी वाचली. तिला काढू नये. बदली करायची तर माझी करावी.

"ड्यूटी तुम्हारे नाम पे लिखी थी, तो निकालने का हुकूम पहले तुम्हारा आया था, गंगू," साहेब म्हणाले. "बाई ने ये लिखा, तब बदला."

इतके दिवस मी समजत होते, मी गप्प बसले म्हणून माझी नोकरी वाचली. साहेबांनी फाईल मिटली. मी पदर तोंडात कोंबून तिथंच खाली बसले.