काटा मध्यावर येतोच

माझे धाकटे दीर तराजू दुरुस्त करतात. करत, असं म्हणायला हवं. पण जिभेची सवय जात नाही. गल्लीच्या तोंडाशी एका खोलीचं दुकान, भिंतीवर टांगलेली गिऱ्हाइकांची पारडी, आणि एका पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी प्रमाणवजनं. बाजारातला प्रत्येक काटा याच वजनांवर पारखला जायचा. ती पेटी म्हणजे दुकान. बाकी सगळं स्क्रू आणि तेल.

माणूस सचोटीचा. केसभर फरक खपवून घ्यायचा नाही. जन्मभर एकच पाहिलं, की काटा कितीही हेलकावला तरी शेवटी मध्यावर येतो. हे ज्ञान दुकानातच ठेवलं असतं तर बरं होतं. भाऊजी ते घेऊन क्लबात गेले.

क्लबात लाल-काळ्या घरांचं चाक फिरतं. भाऊजी लालवर लावायचे. हरले की दुप्पट, पुन्हा हरले की त्याच्या दुप्पट. एकदा लाल आलं की मागचं सगळं वसूल, वर पहिल्या डावाएवढा नफा. कागदावर बिनतोड. काही महिने रोज संध्याकाळी एका पावापुरती कमाई घेऊन यायचे. ऐट मात्र बेकरी विकत घेतल्याची.

ओळीने काळंच येत राहिलं तर काय, असं मी एकदा विचारलं. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला ते गणित समजावू लागले.

“वहिनी, काटा एकीकडे किती वेळ झुकून राहील?”

“काटा परततो, कारण दुसऱ्या पारड्यात वजन पडतं. चाकाला मागचा डाव आठवतसुद्धा नाही. आणि मधलं ते हिरवं घर काय क्लबाने शोभेला ठेवलंय? ते आलं की लालवालेही गेले, काळेवालेही.”

बायकांना धीर नसतो, म्हणाले. धीर! खिसा मोजका आणि धीर अफाट, अशा माणसांवरच तर क्लबाचे दिवे जळतात.

मग एका संध्याकाळी काळं आलं, पुन्हा काळं, एकदा हिरवं, परत काळं. दुप्पट करता करता बचत संपली. भाऊजी उठले, दुकानातली पेटी तारण ठेवून आले आणि ते पैसेही सगळे लालवर लावले. कशासाठी? त्या एका पावासाठी. काळंच आलं. रिकाम्या खिशाने बघत उभे राहिले, तर पुढच्याच डावाला लाल.

घरी आले ते विजयी चेहऱ्याने. लाल आलंच शेवटी, आपण सांगतच होतो, म्हणे. पेटी तारण ठेवल्याचंही त्याच दमात सांगून टाकलं. जाऊ ताटं मांडत होती. सकाळी सराफ काटा तपासून घ्यायला येणार, हे तिला ठाऊक होतं.

“हो ना,” ती म्हणाली. “मग उद्या सराफाच्या पारड्यात ते लालच ठेवा.”

सराफ आला, वजनं नाहीत हे पाहून काटा काखोटीला मारून गेला. बाजारात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. आठवड्याभरात भिंतीवरची पारडी ज्याची त्याने नेली.

आता भाऊजी मालगोदामात दुसऱ्याच्या काट्यावर पार्सलं तोलतात. पगार जाऊच्या हातात. पेटी सोडवायला ती तारणवाल्याकडे दर महिन्याला हप्ता भरते. दुप्पट नाही, तेवढाच. भाऊजींच्या मते या पद्धतीत काही दम नाही.